ल्युपस नेफ्रायटिस आणि वनस्पतिजन्य संयुगे

ल्युपस नेफ्रायटिस हा सिस्टेमिक ल्युपस एरिथेमॅटोसस, म्हणजे ढोबळमानाने ल्युपस, या स्वयंप्रतिकार रोगामुळे होणारा मूत्रपिंडाचा दाह आहे. या विकारावर उपयोगी पडू शकतील अशी दाहशामक संयुगे अनेक वनस्पतींत आढळली आहेत. त्यांपैकी हळदीतील कर्क्युमिन, ट्रिप्टेरिजियम विल्फोर्डी या चिनी वेलीतील ट्रिप्टोलाइड व सेलास्ट्रॉल आणि आर्टेमिसिया ॲनुआ या वनस्पतीतील आर्टेमिसिनिन यांचा विशेष अभ्यास झाला आहे. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी यांपैकी कोणत्याही संयुगाचा प्रमाण उपचार म्हणून स्वीकार केलेला नाही. मात्र सिंकोना वृक्षाच्या सालीतील क्विनीनशी रासायनिक नाते असलेले हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन हे औषध आज या रोगाच्या उपचारात पायाभूत मानले जाते. काही वनस्पती मूत्रपिंडाला गंभीर इजा करतात, तर काही प्रतिकार यंत्रणेला अधिक चेतवतात. त्यामुळे या विषयात परिणामकारकतेइतकाच सुरक्षिततेचा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो.

रोगाची यंत्रणा

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख नेफ्रॉन असतात. प्रत्येक नेफ्रॉनच्या टोकाशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा एक केशिकागुच्छ असतो आणि रक्त गाळण्याचे काम तेथे होते. ल्युपसमध्ये रोगप्रतिकार यंत्रणा स्वतःच्याच पेशींतील घटकांविरुद्ध, विशेषतः दुहेरी धाग्याच्या डीएनएविरुद्ध, प्रतिपिंडे तयार करते. प्रतिजन आणि प्रतिपिंडे यांचे संकुल केशिकागुच्छात साचते किंवा तेथेच तयार होते. त्यामुळे रक्तातील पूरक प्रथिने कार्यान्वित होतात, पांढऱ्या पेशी तेथे ओढल्या जातात आणि दाह सुरू होतो.

या दाहात टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-६ आणि इंटरफेरॉन यांसारखी संदेशवाहक प्रथिने भाग घेतात. त्यांपैकी अनेकांच्या निर्मितीवर पेशीतील न्यूक्लिअर फॅक्टर कप्पा-बी या नियंत्रक प्रथिनाचा ताबा असतो. बहुतेक वनस्पतिजन्य दाहशामक संयुगांचा अभ्यास याच प्रथिनाला रोखण्याच्या दिशेने झाला आहे.

दाहामुळे गाळणीची जाळी सैल होते आणि रक्तातील प्रथिने व तांबड्या पेशी लघवीत उतरतात. लघवीला फेस येणे, पायांवर व डोळ्यांभोवती सूज येणे आणि रक्तदाब वाढणे ही लक्षणे त्यानंतर दिसू लागतात. सुरुवातीला अनेक रुग्णांना कोणताही त्रास जाणवत नाही, म्हणून ल्युपसच्या रुग्णांची लघवी नियमितपणे तपासली जाते. निदान पक्के करण्यासाठी सुईने मूत्रपिंडाचा लहानसा तुकडा काढून, म्हणजे बायोप्सी करून, तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. २००३ साली ठरलेल्या वर्गीकरणानुसार या रोगाचे सहा वर्ग मानले जातात. ल्युपसच्या दर १० रुग्णांपैकी सुमारे ९ स्त्रिया असतात आणि रोगाची सुरुवात बहुधा प्रजननक्षम वयात होते. त्यामुळे कोणत्याही उपचाराचा गर्भधारणेवर व प्रजननक्षमतेवर होणारा परिणाम येथे विशेष महत्त्वाचा असतो.

प्रचलित उपचार

या रोगाच्या उपचारात स्टिरॉइड आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन यांच्या जोडीला मायकोफेनोलेट, सायक्लोफॉस्फमाइड, अझाथायोप्रिन किंवा टॅक्रोलिमस ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे वापरली जातात. बेलिमुमॅब या औषधाला डिसेंबर २०२० मध्ये आणि व्होक्लोस्पोरिनला जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेत ल्युपस नेफ्रायटिससाठी मान्यता मिळाली.

या औषधांमुळे रोगाचे भवितव्य बदलले असले, तरी त्यांची किंमत रुग्णाला अन्य प्रकारे मोजावी लागते. दीर्घकाळ स्टिरॉइड घेतल्यास हाडे ठिसूळ होतात व रक्तातील साखर वाढते. सायक्लोफॉस्फमाइडमुळे वंध्यत्व येऊ शकते. मायकोफेनोलेट गर्भाला घातक असते. या सर्वच औषधांमुळे जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. उपचार घेऊनही काही रुग्णांची मूत्रपिंडे निकामी होतात व त्यांना डायलिसिस किंवा प्रत्यारोपणाची गरज भासते. कमी दुष्परिणामांच्या औषधांचा शोध या गरजेतून सुरू झाला आणि त्याच ओघात संशोधकांचे लक्ष वनस्पतींकडे वळले.

क्विनीनपासून हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनपर्यंत

दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीत वाढणाऱ्या सिंकोना वृक्षाची साल हिवतापावर वापरली जात असे. १८२० साली प्येअर जोसेफ पेल्तिए आणि जोसेफ कावाँतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यातून क्विनीन वेगळे केले. १८९४ साली लंडनमधील वैद्य जे. एफ. पेन यांनी ल्युपसच्या त्वचाविकारावर क्विनीनचा उपयोग होत असल्याचे नोंदवले.

पुढे हिवतापासाठी कृत्रिम औषधे तयार होऊ लागली. १९३४ साली जर्मनीत हान्स अँडरसाग यांनी क्लोरोक्वीन तयार केले. क्विनीनच्या रेणूत असलेले क्विनोलिन वलय या रेणूतही आहे. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना हिवताप टाळण्यासाठी मेपाक्रीन हे दुसरे कृत्रिम औषध मोठ्या प्रमाणावर दिले गेले. १९५१ साली फ्रान्सिस पेज यांनी ल्युपसच्या १८ रुग्णांवर मेपाक्रीनचा उपयोग करून त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. क्लोरोक्वीनपेक्षा कमी विषारी असलेल्या हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनला १९५५ साली अमेरिकेत मान्यता मिळाली.

या औषधाची उपयुक्तता ठरवणारी एक महत्त्वाची चाचणी कॅनडात झाली व तिचे निष्कर्ष १९९१ साली प्रसिद्ध झाले. ल्युपस आटोक्यात असलेल्या ४७ रुग्णांपैकी काहींचे हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन चालू ठेवले गेले, तर उरलेल्यांना त्याऐवजी औषधी गुण नसलेली तशीच दिसणारी गोळी दिली गेली. औषध बंद केलेल्या गटात रोग उसळण्याचा धोका सुमारे अडीच पट आढळला. हे औषध पेशीतील लायसोसोम या पुटिकांची आम्लता कमी करते आणि टोल-सदृश ग्राही ७ व ९ यांच्यामार्फत होणारी इंटरफेरॉनची निर्मिती रोखते. मूत्रपिंडविकारांविषयीच्या केडिगो या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, निषिद्ध नसल्यास ल्युपसच्या प्रत्येक रुग्णाला हे औषध द्यावे. त्याची नेहमीची मात्रा वजनाच्या प्रत्येक किलोग्रॅममागे दररोज सुमारे ५ मिलिग्रॅम असते. मूत्रपिंडाचे कार्य बरेच घटले असल्यास ती कमी केली जाते. दीर्घकालीन वापराने डोळ्यांच्या दृष्टिपटलाला इजा होऊ शकते, म्हणून नेत्रतपासणी आवश्यक असते.

हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन हे वनस्पतीतून काढलेले औषध नाही. ते कारखान्यात तयार होते व त्याची प्रत्येक गोळी समान मात्रेची असते. सालीच्या काढ्यापासून या गोळीपर्यंतच्या प्रवासात रेणू वेगळा करणे, त्यात बदल करणे, मात्रा ठरवणे आणि तुलनात्मक चाचणी घेणे हे टप्पे पार पडले. पुढील संयुगे यांपैकी कोणत्या टप्प्यावर आहेत, यावरून त्यांच्याविषयीच्या दाव्यांचे मूल्यमापन करता येते.

अभ्यासाधीन संयुगे

कर्क्युमिन

कर्क्युमिन हे हळदीला पिवळा रंग देणारे संयुग आहे. १८१५ साली फोगेल आणि पेल्तिए यांनी ते प्रथम वेगळे केले. यांतील पेल्तिए म्हणजे पुढे क्विनीन वेगळे करणारेच शास्त्रज्ञ होत. कर्क्युमिनची रासायनिक रचना १९१० साली निश्चित झाली. हळदीच्या पुडीत त्याचे प्रमाण वजनाच्या केवळ काही टक्के असते.

परीक्षानळीतील पेशींवर व प्रयोगशाळेतील उंदरांवर कर्क्युमिनने न्यूक्लिअर फॅक्टर कप्पा-बी रोखल्याचे व दाह कमी केल्याचे अनेक अभ्यासांत नोंदले आहे. ल्युपस नेफ्रायटिसच्या रुग्णांवरील बहुचर्चित चाचणी इराणमधील शिराज येथे झाली व तिचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. उपचारांना दाद न देणारा किंवा पुन्हा उलटलेला रोग असलेले २४ रुग्ण तीत सहभागी होते. एका गटाला तीन महिने प्रत्येक जेवणासोबत ५०० मिलिग्रॅम हळदीची कुपी दिली गेली. तीत २२.१ मिलिग्रॅम कर्क्युमिन होते. या गटात लघवीतून जाणारी प्रथिने, लघवीतील रक्त आणि वरचा रक्तदाब यांत घट आढळली. मात्र रुग्णसंख्या लहान होती आणि कालावधीही अल्प होता. लघवीतील प्रथिने घटणे हे आशादायक लक्षण असले, तरी मूत्रपिंड निकामी होणे टळते की नाही हे तीन महिन्यांत कळू शकत नाही.

कर्क्युमिनची मोठी अडचण म्हणजे ते आतड्यातून फारच कमी शोषले जाते व शोषलेला भाग यकृतात लवकर रूपांतरित होतो. १९९८ साली बंगळूर येथे झालेल्या अभ्यासात, मिऱ्यातील पिपेरीन सोबत दिल्यास निरोगी व्यक्तींच्या रक्तातील कर्क्युमिनची उपलब्धता २,००० टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. तथापि पिपेरीन यकृतातील औषधे पचवणाऱ्या विकरांवर परिणाम करते, त्यामुळे इतर औषधांची रक्तातील पातळीही बदलू शकते. २०१७ साली औषधरसायनशास्त्रज्ञांच्या एका गटाने केलेल्या आढाव्यात आणखी एक दोष दाखवला गेला. कर्क्युमिन हा अस्थिर व सहज अभिक्रिया करणारा रेणू असल्यामुळे अनेक प्रयोगशालेय चाचण्यांत तो प्रत्यक्ष परिणाम नसतानाही परिणाम झाल्याचा आभास निर्माण करतो.

ल्युपस नसलेल्या रुग्णांवरील मोठ्या चाचण्यांतही अपेक्षित फळ मिळाले नाही. कॅनडात महाधमनीच्या फुगवट्यावरील शस्त्रक्रियेच्या ६०६ रुग्णांवर झालेल्या व २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कर्क्युमिनने दाह कमी झाला नाही, उलट मूत्रपिंडाच्या तीव्र इजेचे प्रमाण कर्क्युमिन घेतलेल्या गटात अधिक आढळले. तेथेच दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराच्या रुग्णांवर झालेल्या दुसऱ्या चाचणीत सूक्ष्मकण स्वरूपातील कर्क्युमिनने रोगाची वाटचाल मंदावली नाही.

ट्रिप्टोलाइड आणि सेलास्ट्रॉल

ट्रिप्टेरिजियम विल्फोर्डी ही चीनमध्ये वाढणारी वेल असून तिला चिनी भाषेत लेइ गोंग तेंग, म्हणजे मेघगर्जनेच्या देवाची वेल, असे म्हणतात. ती सेलॅस्ट्रेसी कुलातील आहे. महाराष्ट्रात परिचित असलेली मालकांगोणी याच कुलातील असली, तरी दोन्ही वनस्पतींची रासायनिक घटना व उपयोग एकच आहेत असे मानता येत नाही.

१९७२ साली मॉरिस कुपचान व त्यांच्या सहकाऱ्यांनी या वेलीतून ट्रिप्टोलाइड वेगळे केले. चीनमध्ये १९७० च्या दशकापासून या वेलीच्या मुळांचा शुद्ध केलेला अर्क संधिवात व केशिकागुच्छांचा दाह यांवर वापरला जातो. नानजिंग येथील मूत्रपिंडतज्ज्ञ ली लेइशी यांनी तिचा मूत्रपिंडविकारांतील उपयोग रुळवला. ल्युपस नेफ्रायटिसबरोबरच आयजीए नेफ्रोपॅथी आणि मेंब्रेनस नेफ्रोपॅथी या विकारांतही लघवीतील प्रथिने कमी करण्यासाठी तो दिला जातो. मुळांच्या सालीत अतिविषारी घटक असल्याने ती काढून टाकावी लागते.

या वेलीची दाहशामक शक्ती निर्विवाद आहे, परंतु तिची विषाक्तताही तितकीच निश्चित आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून, ट्रिप्टोलाइड हे एक्सपीबी या प्रथिनाला चिकटून पेशीतील जनुकांचे वाचनच थांबवते, असे स्पष्ट झाले. दाहास कारणीभूत प्रथिनांची निर्मिती त्यामुळे थांबते, पण निरोगी पेशींनाही तोच फटका बसतो. पुरुषांत शुक्रजंतूंची संख्या घटणे, स्त्रियांत मासिक पाळी बंद होणे, यकृताला इजा आणि अस्थिमज्जेचे कार्य मंदावणे हे दुष्परिणाम नोंदले गेले आहेत. मूत्रपिंडालाही इजा होऊ शकते. २०१२ साली चीनच्या औषध नियामकाने बालकांना व अपत्यप्राप्तीची इच्छा असलेल्यांना हे औषध देण्याविरुद्ध इशारा दिला. ल्युपसचे बहुतांश रुग्ण तरुण स्त्रिया असल्याने हा इशारा या रोगात विशेष लागू पडतो. २०१३ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार प्राथमिक नेफ्रोटिक सिंड्रोममध्येही या वेलीच्या उपयोगाचा पुरावा अपुरा आहे.

आर्टेमिसिनिन

आर्टेमिसिनिनचा इतिहासही हिवतापाशी निगडित आहे. तू यूयू यांच्या गटाने १९७२ साली ते वेगळे केले व या कार्यासाठी तू यूयू यांना २०१५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ल्युपससदृश रोग होणाऱ्या उंदरांत आर्टेसुनेट या आर्टेमिसिनिनजन्य औषधाने लघवीतील प्रथिने व डीएनएविरोधी प्रतिपिंडे कमी झाल्याचे आढळले आहे. शांघायमधील संशोधकांनी या गटातील पाण्यात विरघळणारे एसएम९३४ हे संयुग ल्युपससाठी विकसित केले आहे. क्विनीनप्रमाणे येथेही मूळ रेणूत बदल करून मात्रा निश्चित करण्याचा मार्ग अवलंबला गेला आहे.

इतर संयुगे

हिरव्या चहातील एपिगॅलोकॅटेचिन गॅलेट, द्राक्षांच्या सालीतील रेझव्हेराट्रॉल, कांद्यातील क्वेर्सेटिन आणि पिओनी या फुलझाडाच्या मुळांतील पिओनिफ्लोरिन यांचाही अभ्यास ल्युपससदृश रोगाच्या प्राण्यांवर झाला आहे. उंदरांतील रोग जनुकीयदृष्ट्या एकसारख्या प्राण्यांत, ठरलेल्या वयात आणि सामान्यतः रोग बळावण्यापूर्वी औषध सुरू करून अभ्यासला जातो. माणसांत रोगाचे निदान दाह सुरू झाल्यावर होते आणि प्रत्येक रुग्णात त्याचे रूप निराळे असते. त्यामुळे उंदरांतील यश माणसांत क्वचितच जसेच्या तसे उतरते.

सुरक्षितता

मूत्रपिंडाला इजा करणाऱ्या वनस्पती

१९९३ साली बेल्जियममधील वैद्यांनी ब्रुसेल्समध्ये वजन घटवण्याचा उपचार घेतलेल्या स्त्रियांत वेगाने मूत्रपिंडे निकामी होत असल्याचे नोंदवले. त्यांच्या औषधात स्टेफानिया टेट्रान्ड्रा या चिनी वनस्पतीच्या जागी ॲरिस्टोलोकिया फांगची ही वनस्पती आली होती. दोन्हींची चिनी नावे मिळतीजुळती आहेत. ॲरिस्टोलोकिया प्रजातीतील ॲरिस्टोलोकिक आम्लामुळे मूत्रपिंडातील नलिका कायमच्या निकामी होतात व मूत्रमार्गाचा कर्करोगही होतो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मूत्रपिंडे निकामी झालेल्या अशा ३९ रुग्णांपैकी १८ जणांत कर्करोग आढळला. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या आम्लाचा समावेश मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला आहे. आयुर्वेदात ईश्वरी या नावाने ओळखली जाणारी ॲरिस्टोलोकिया इंडिका याच प्रजातीतील आहे.

हळदीत ऑक्झलेटचे प्रमाण बरेच असते. आहारातील नेहमीच्या वापराने सहसा अपाय होत नाही, परंतु पूरक म्हणून मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास लघवीतील ऑक्झलेट वाढते व त्याचे स्फटिक मूत्रपिंडात साचल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत.

प्रतिकार यंत्रणा चेतवणाऱ्या वनस्पती

स्वयंप्रतिकार रोगांत प्रतिकार यंत्रणा आधीच अतिसक्रिय असते. त्यामुळे प्रतिकारशक्ती वाढवणारी म्हणून प्रसिद्ध असलेली वनस्पती येथे अपायकारक ठरू शकते. महाराष्ट्रात जनावरांचा चारा म्हणून घेतल्या जाणाऱ्या लसूणघासात एल-कॅनाव्हनीन हे अमिनो आम्ल असते. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लसूणघासाचे मोड खाऊ घातलेल्या माकडांत ल्युपससदृश रोग दिसून आला. त्यामुळे ल्युपसच्या रुग्णांना लसूणघासाचे मोड व गोळ्या टाळण्याचा सल्ला दिला जातो. इचिनेशियाविषयीही असाच सल्ला दिला जातो.

कोविड-१९ च्या साथीत गुळवेलीचा वापर वाढल्यानंतर, मुंबईतील वैद्यांनी २०२१ साली गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांत स्वयंप्रतिकार स्वरूपाचा यकृतदाह आढळल्याचे प्रसिद्ध केले. केंद्रीय आयुष मंत्रालयाने या निष्कर्षावर आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती याची खात्री केली गेली नव्हती, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. वनस्पतीची ओळख पटवणे किती आवश्यक आहे, हे या वादातूनही दिसून येते.

भेसळ, जड धातू आणि औषधांतील आंतरक्रिया

२००८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात, इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदिक उत्पादनांपैकी सुमारे एक-पंचमांश उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. यांपैकी पाऱ्याचा संबंध थेट स्वयंप्रतिकार मूत्रपिंडविकाराशी आहे. वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी पारायुक्त पारंपरिक औषधे आणि एनईएलएल-१ प्रथिनाशी निगडित मेंब्रेनस नेफ्रोपॅथी यांच्यातील संबंध दाखवून दिला आहे. औषध थांबवल्यावर यांतील बऱ्याच रुग्णांचा रोग ओसरला.

टॅक्रोलिमस व व्होक्लोस्पोरिन ही औषधे यकृतातील सीवायपी३ए४ या विकराद्वारे पचतात. ग्रेपफ्रूट या फळाच्या रसाने त्यांची रक्तातील पातळी वाढते, तर सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीने ती घटते. पातळी वाढल्यास मूत्रपिंडाला इजा होते आणि घटल्यास रोग उसळतो. म्हणून रुग्ण घेत असलेल्या काढे, चूर्णे व पूरकांची माहिती उपचार करणाऱ्या वैद्याला असणे आवश्यक मानले जाते. प्रचलित औषधे परस्पर बंद केल्यासही रोग उसळू शकतो.

भारतातील स्थिती

हळदीच्या औषधी उपयोगाचा प्रश्न भारतात पेटंटच्या वादामुळे गाजला. जखमा भरून काढण्यासाठी हळदीच्या वापरावर १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिले गेले. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द झाले. हा निर्णय वापराच्या प्राचीनतेविषयी होता. एखाद्या रोगावरील परिणामकारकता त्यातून सिद्ध होत नाही, तिच्यासाठी स्वतंत्र चाचणी लागते.

औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ अन्वये काही विशिष्ट रोग बरे करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना बंदी आहे. या रोगांच्या यादीत ल्युपस आणि मूत्रपिंडदाहाचे जुने नाव असलेला ब्राइटचा रोग या दोहोंचा समावेश आहे.

मूल्यमापन

वनस्पतिजन्य संयुगांविषयीच्या पुराव्याची प्रतवारी सामान्यतः परीक्षानळीतील पेशी, प्राणी, लहान मानवी चाचणी आणि मोठी तुलनात्मक चाचणी अशा चढत्या क्रमाने लावली जाते. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन या क्रमाच्या अखेरच्या टप्प्यापर्यंत पोहोचले आहे. कर्क्युमिन ल्युपस नेफ्रायटिसमध्ये लहान चाचणीच्या टप्प्यावर आहे. ट्रिप्टेरिजियमचा परिणाम माणसांत दिसला असला, तरी विषाक्ततेमुळे त्याचा वापर मर्यादित राहिला आहे. एपिगॅलोकॅटेचिन गॅलेट, रेझव्हेराट्रॉल यांसारख्या संयुगांचा पुरावा या रोगापुरता मुख्यतः प्राण्यांवरील प्रयोगांपुरताच आहे. एखादे संयुग दाह कमी करते एवढ्यावरून ते मूत्रपिंड वाचवते असे सिद्ध होत नाही. त्यासाठी पुरेशा रुग्णांवर, निश्चित मात्रेत व काही वर्षे चालणाऱ्या चाचण्यांतून मूत्रपिंडाचे कार्य टिकून राहिल्याचे दाखवावे लागते.